क्रूझ संपली, जिनोव्हा सुरू

सकाळी इटलीतल्या जिनोव्हा बंदरात बोटीवरून उतरलो. बुफेच्या रांगांतून सुटलो एकदाचे! बॅगा ठेवून थेट जुन्या शहरात. गल्ल्या इतक्या चिंचोळ्या की हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. इथली मंडळी सकाळी फोकाच्या चक्क कॅपुचिनोत बुडवून खातात. मिठाचा, तेलाने चमचमणारा पाव, तोही कॉफीत! सासूबाईंनी नाक मुरडलं, मी दुसरा मागवला.

काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या सान लोरेन्झो कॅथेड्रलमध्ये मात्र पाय थबकले. ९ फेब्रुवारी १९४१ला ब्रिटिश युद्धनौकेचा तोफगोळा भिंत फोडून आत आला, पण फुटलाच नाही. तसलाच एक गोळा आत मांडून ठेवलाय, चांगला कमरेएवढा.

१५४३चा लांतेर्ना दीपस्तंभ लांबूनच पाहिला, पाय बोलायला लागले होते. विमान उद्या रात्री. चांगला पेस्टो (इथली बेसिलची चटणी) कुठे मिळतो, माहीत असेल तर सांगा रे!