भूमितीची वही

स्मरणिकेसाठी लिहायचं ठरलं तेव्हा सगळ्यात आधी आठवली ती भूमितीची एक वही. माझी नव्हे, माझ्या बाकावरच्या मित्राची. आठवीत घटक चाचणीच्या आदल्या दिवशी मी ती त्याच्या दप्तरातून काढली आणि घरी पेटीच्या तळाशी दडवली. त्याचा नंबर नेहमी माझ्या वर यायचा, एवढंच कारण.

चार दिवसांनी पोळा आला. दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपूरच्या इतवारीत मारबती निघाल्या, म्हणजे गावातलं वाईट घेऊन जावं म्हणून मिरवून शेवटी जाळतात ते पुतळे. १८८१ पासूनची काळी आणि १८८५ पासूनची पिवळी अशा दोन्ही, सोबत बडगे नावाचे तसेच पुतळे. मीही गर्दीत ओरडत होतो, "ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!"

शाळा उघडल्यावर मराठीच्या बाईंनी प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली. "तुमच्या मनातलं काय मारबतीसोबत जायला हवं ते लिहा. नाव घालू नका." मी लिहिलं, 'हेवा'. मला वाटलं, बाई चिठ्ठ्या गोळा करून जाळतील आणि आपण सुटू. त्यांनी गोळा केल्याच नाहीत. "ज्याची त्याच्याजवळ राहू द्या," म्हणाल्या आणि धडा उघडला. त्या वेळी मला बाईंचा रागच आला. आज वाटतं, पुढे मी जे काही स्वतः ठरवू शकलो, त्याची सुरुवात तिथे झाली.

आजीसोबत टेकडी गणपतीला जायचो. त्या महिन्यात मी देवाकडे एकच मागितलं : वहीचं कोणाला कळू नये. आपण किती सहज देवालाही आपल्या चोरीत सामील करून घेतो, हे तेव्हा कळलं नाही.

दसऱ्याला मित्राने घरी बोलावलं. त्याच्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांकडून दीक्षा घेतली होती. दर दसऱ्याला ते घरच्यांना समोर बसवून बावीस प्रतिज्ञा म्हणायचे. त्यांनी दिवस सांगितला होता, गर्दी सांगितली होती. पण मला धरलं ते त्यांच्या आवाजाने. ते पाठ म्हणत नव्हते, दरवेळी नव्याने ठरवत होते. 'मी चोरी करणार नाही' ही प्रतिज्ञा आली आणि माझे ओठ हललेच नाहीत.

"काहून रे, बरं नाही वाटत का?" आजोबांनी नंतर विचारलं. मी उठलो, घरी पळत गेलो आणि वही घेऊन आलो. सगळं सांगितलं. मित्राने पानं चाळली. म्हणाला, "मी दुसरी लिहून काढली ना बे." आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी माझं ताट वाढायला सांगितलं.

आजोबा आता नाहीत. दसऱ्याला मी अजूनही त्या घरी जातो, प्रतिज्ञा आता मित्र म्हणतो. ती ओळ आली की तो माझ्याकडे बघत नाही. मीही त्याच्यासोबत ती मोठ्याने म्हणतो.