नवा मणी न आणता: संक्रांत ते पाडवा, घरातल्याच सामानावर दागिने

संक्रांत झाल्यावर ठरवलं, की गुढीपाडव्यापर्यंत मणी, मोती, खडे, तार, हुक यांतलं काहीही विकत आणायचं नाही. घरात जे आहे त्यातूनच दागिने करायचे. दागिने करणाऱ्या कुणाच्याही कपाटात अर्धी पाकिटं पडून असतातच, कारण मणी पाकिटाने मिळतात आणि दागिन्याला लागतात मोजून. कुडीच्या एका जोडाला चौदा मोती पुरतात, पाकिटात असतात काहीशे. उरलेले डब्यात जातात. पुढच्या वेळी पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईत भुलेश्वरला गेलं की डब्यात काय आहे ते आठवत नाही आणि तेच मोती पुन्हा घरी येतात. म्हणून खरेदी थांबवायची तर पहिलं काम मोजदादीचं.

मोठ्या परातीत टर्किश टॉवेल अंथरला आणि सगळे डबे त्यावर रिकामे केले. टॉवेलवर मणी घरंगळत नाहीत आणि सुईच्या टोकावर सहज उचलता येतात. तुटलेल्या माळा, एकटी राहिलेली कानातली, जुन्या ब्लाउजची मोत्यांची लटकनं, कधीच न वापरलेले बाजूबंद हेही त्यातच. माप नजरेने ठरवू नये. एका मापाचे वाटणारे दहा मणी फूटपट्टीला लावून ओळीत ठेवायचे. ओळ 40 मिमी भरली तर मणी 4 मिमीचा, 37 भरली तर नाही. हा 0.3 मिलिमीटरचा फरक एकेका मण्यात दिसत नाही, पण फूल विणताना तोच नडतो.

शेकड्याने असलेले मणी एकेक मोजत बसलं नाही. शंभर मोजून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले, मग सगळा ढीग ठेवला. 4 मिमीचे काचेचे शंभर मणी साधारण सात-आठ ग्रॅम भरतात, प्लास्टिकचे तीन-साडेतीन. घरचा काटा एका ग्रॅमच्या खालचं दाखवत नाही, त्यामुळे दहा-वीस मण्यांवरून हिशोब केला तर चुकतोच.

काच आणि प्लास्टिक एकत्र झालेले मोती वेगळे करायला मिठाचं पाणी उत्तम. एक पेलाभर, म्हणजे 200 मिली पाण्यात 50 ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवायचं, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकायचा आणि मोती सोडून ढवळायचं. नेहमीचे हलके प्लास्टिकचे मोती वर तरंगतात, काचेचे तळाशी बसतात. साबणाचा थेंब विसरलं तर भोकात हवेचा बुडबुडा अडकून बारीक काचेचा मणीही वर येतो. दोन मिनिटांत काढून साध्या पाण्याने धुवायचे आणि कापडावर सुकवायचे, जास्त वेळ ठेवले तर मोत्याचा मुलामा सुटू शकतो. खरे मोती यात घालू नयेत. ते आधीच बाजूला काढावेत: दातावर हलकेच घासला की खरा मोती किंचित खरखरीत लागतो, नकली गुळगुळीत.

वेगळं करणं एवढ्यासाठी, की काच जड असते आणि एकाच माळेत डावीकडे काच, उजवीकडे प्लास्टिक आलं तर माळ गळ्यात सरकून एका बाजूला जाते.

यानंतर वहीचं एक पान. प्रत्येक प्रकारचे दोन मणी चिकटपट्टीने पानावर लावले आणि शेजारी माप, संख्या, रंग लिहिला. नमुना पानावरच असल्याने "मोतिया" आणि "क्रीम" असा घोळ उरत नाही. पाडव्यापर्यंत कुठलाही दागिना करायला घेण्याआधी हे पान उघडायचं, एवढाच नियम. मनात डिझाइन धरून सामान शोधायला निघालं की दहा-बारा मणी कमी पडतातच आणि त्या दहांसाठी पाकीट आणावंसं वाटतं. सामान समोर ठेवून डिझाइन ठरवलं तर तो प्रसंगच येत नाही.

मणी कमी पडले तर काय करायचं, याचं उत्तर आपल्या जुन्या दागिन्यांत आहे. ठुशी, चिंचपेटी, तन्मणी यांच्या पाठीमागे दोरी आणि गोंडा असतो. मागचा भाग केसांखाली, पदराखाली जातो, तिथे मोती घालायची गरजच नाही. हिशोब करून पाहा: 16 इंचांची पूर्ण माळ 4 मिमीच्या मोत्यांत ओवायची तर शंभरेक मोती लागतात. पुढचे दहा इंचच मोत्यांचे ठेवले आणि मागे दोरी लावली तर 63 पुरतात. तीन पदरी तन्मणीत शंभराहून जास्त मोती वाचले, त्यात आणखी एक पूर्ण माळ झाली. दोरी म्हणून जुन्या ठुशीचीच वापरली. तिचा जरीचा भाग काळवंडला असेल तर तो आतल्या बाजूला वळवून गोंड्याखाली घ्यावा.

दोन वेगवेगळ्या वेळी घेतलेले पांढरे मोती कधीही एका रंगाचे नसतात, जुना पिवळसर पडलेला असतो. एका टोकाला जुने आणि एका टोकाला नवे आले की चूक दिसते. दोन पांढऱ्यांमागे एक पिवळसर असे सगळ्या माळेभर मिसळले की तीच छटा खऱ्या मोत्यांसारखी वाटते. मला हे मिश्रण एकसारख्या नव्या मोत्यांपेक्षा जास्त आवडतं.

आता तार. घरात इलेक्ट्रिकचं काम झालं की वायरचे तुकडे उरतात. 1 चौरस मिमीच्या लवचीक वायरमध्ये साधारणपणे 0.3 मिमीच्या 14 तांब्याच्या तारा असतात, आणि ही जाडी जवळजवळ 28 गेजची. नथ आणि कुडी बांधायला अगदी हीच लागते. हातभर तुकड्यातून चौदा तारा निघतात. आधारासाठी जाड तार हवी तर नेटवर्कच्या केबलमधली एकेरी तार साधारण 0.5 मिमी असते. ती ब्लेडने खरवडून बघायची. आत पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार, दोनदा वाकवली की तुटते, दागिन्याच्या कामाची नाही.

वायरचं आवरण जाळून काढू नये. ते पीव्हीसीचं असतं, जळताना आम्लाचा धूर निघतो, तो छातीलाही वाईट आणि तारेलाही. ब्लेडने लांबीत हलकी चीर द्यायची आणि सोलायचं. तार काळपट असेल तर चिंचेच्या कोळात मीठ घालून पाच मिनिटं बुडवायची, देवाची भांडी घासतो तसंच. धुऊन लगेच पुसायची. हे सगळं मोती ओवण्याआधी. खरा मोती चुन्याचा असतो, आंबट लागलं की त्याची झळाळी जाते आणि परत येत नाही.

कुडीचं फूल असं बांधलं. सहा मोती भोवती आणि एक मध्ये, सगळे एकाच मापाचे. एका गोलाभोवती त्याच मापाचे बरोबर सहाच गोल बसतात, त्यामुळे फट राहत नाही. मधोमध मोठा खडा हवा असेल तर आकडा बदलतो: 6 मिमीच्या खड्याभोवती 4 मिमीचे सात मोती बसतात आणि थोडी फट उरते, आठवा मावत नाही. तिथे 3 मिमीचे नऊ नीट बसतात. 8 मिमीच्या खड्याला 4 मिमीचे नऊ. हे आधी माहीत असलं की वहीतल्या पानावरूनच ठरतं, कुठला खडा कुठल्या मोत्यांबरोबर जाईल.

0.3 मिमीची 30 सेंमी तार घेतली, सहा मोती मधोमध आणले आणि तारेचं एक टोक पहिल्या दोन मोत्यांतून पुन्हा फिरवून गोल बंद केला. ओढताना पक्कड वापरायची नाही, बोटांनीच ओढायचं. मोती एकमेकांना टेकले की थांबायचं. मग एक टोक वर घेऊन त्यात सातवा मोती ओवला, समोरच्या दोन मोत्यांमधल्या तारेखालून घातलं आणि त्याच मोत्यातून परत आणलं. मधला मोती खाली दबून बसतो. दोन्ही टोकं मागे नेऊन चार पीळ, जास्त नाहीत. तांबं पिळलं की कडक होत जातं आणि जास्त पीळ दिले की पटकन तुटतं, तेही मुळाशी, म्हणजे सगळं फूल उसवतं. चार पीळ देऊन टोक 3 मिमीवर कापायचं आणि मोत्यांमागे दाबायचं.

फूल एकट्या राहिलेल्या टॉप्सच्या चकतीवर बसवलं. इथे झटपट चिकटणारा गोंद टाळला. त्याची वाफ खड्यावर आणि मोत्यावर पांढरट धुक्यासारखी बसते. चकतीला भोकं असतील तर तारेनेच बांधावं. कानात जाणारी काडी स्पिरिटने पुसून घ्यावी, आणि ती घातल्यावर पूर्वी कान खाजत असेल तर ती टाकूनच द्यावी. उघडं तांबं त्वचेला हिरवट डाग देतं, म्हणून मागच्या तारेवर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात. मोत्यांवर नाही.

मणी ओवायची बारीक सुई नव्हती. तीच 0.3 ची तार 12 सेंमी कापून मधोमध दुमडली आणि पीळ दिला. दुमडीजवळ राहिलेलं डोळ्याएवढं वेटोळं म्हणजे सुईचं नेढं. मण्यातून जाताना ते चपटं होतं, पलीकडे टाचणीने पुन्हा उघडायचं. अशी सुई दोन-तीन माळा टिकते.

भोकात जुना दोरा अडकलेले मणी रात्रभर कोमट पाण्यात ठेवून सकाळी दुसऱ्या बाजूने टाचणीने ढकलले. काचेच्या मण्याला जोर लावला की कडेची कपची उडते आणि ती धार नंतर दोरा कापते. असा मणी माळेत घालूच नये.

काटकसर दोऱ्यात मात्र केली नाही. जुनं इलास्टिक ताणून सोडलं की बारीक भेगा दिसतात, ते कचऱ्यात. तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, उन्हात राहिलेला असेल तर कडक होतो: एक तुकडा नखाभोवती गुंडाळून गाठ मारायची, गाठीत मोडला तर पूर्ण रीळ बाद. सुदैवाने शिवणाच्या डब्यात रेशमाची लड निघाली. पदर दुहेरी करून प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारली, तर माळेच्या चौपट लांबी धरावी लागते. गाठ मोत्याला चिकटवायची असेल तर सैल गाठीत टाचणी घालून ती मोत्यापर्यंत सरकवायची आणि तिथेच टाचणी काढून ओढायची.

अडकवायचा हुक संपला तेव्हा एका टोकाला ब्लाउजचं उरलेलं मोत्याचं बटण आणि दुसऱ्या टोकाला दोऱ्याचा फास केला. बटण जेमतेम जाईल एवढाच फास ठेवावा, कारण रेशीम वापरता वापरता थोडं सैल होतंच. पाडव्याला वहीच्या पानावर 4 मिमीच्या पांढऱ्या मोत्यांसमोर आकडा उरला होता 31. म्हणजे कुडीचे आणखी दोन जोड आणि तीन मोती.