सीताबर्डीच्या आधीचं स्टेशन

मंगळवार, रात्री

सी भाषेतल्या लिंक्ड लिस्टचं (प्रत्येक घटक पुढच्याचा पत्ता जपतो अशी यादी) प्रॅक्टिकल दोन तासांचं. त्यातला पहिला पाऊण तास संगणक बंदच ठेवावा, हे मत दरवर्षी पक्कं होत चाललंय. कोरा कागद, पेन्सिल, खोडरबर, बस्स.

नागपुरात उदाहरणासाठी लांब जावं लागत नाही. मेट्रोची ऑरेंज लाइन घ्यावी: कस्तूरचंद पार्क, झिरो माइल, सीताबर्डी, काँग्रेसनगर. प्रत्येक स्टेशनाचा एक चौकोन, म्हणजे नोड, त्यात दोन कप्पे: नाव आणि पुढच्याचा पत्ता, म्हणजे नेक्स्ट. पत्ते मुद्दाम विस्कळीत द्यायचे, १०००, ५२००, २४००, ३६००. ओळीने १०००, ११००, १२०० दिले की मुलं त्याला ॲरेच (मेमरीत सलग ठेवलेली यादी) समजतात. शेवटच्या चौकोनात नल, म्हणजे पुढे कोणी नाही. बाण काढू द्यावेत, पण आकडे लिहिल्याशिवाय नाही. बाण कुठूनही कुठेही ओढता येतो, आकडा मात्र कुठल्या तरी कप्प्यातून उचलावा लागतो.

मग झिरो माइल झाकायचं, कस्तूरचंद पार्कला थेट सीताबर्डीचा पत्ता द्यायचा आणि झिरो माइल पुन्हा मधे घालायला सांगायचं. ओळी दोनच. आधी नव्या नोडच्या नेक्स्टमध्ये सीताबर्डीचा पत्ता, नंतर कस्तूरचंद पार्कच्या नेक्स्टमध्ये नव्या नोडचा. उलट केलं तर सीताबर्डीचा पत्ता पहिल्याच ओळीत पुसला जातो, आणि दुसऱ्या ओळीत नवा नोड स्वतःचाच पत्ता स्वतःत ठेवतो. यादी छापली की झिरो माइल, झिरो माइल, थांबायचं नाव नाही. कागदावर पत्ता खोडताना मुलांचा हात आपोआप थबकतो. त्या थबकण्यासाठीच पाऊण तास.

संगणक सुरू झाले की खरी त्रासदायक चूक येते ती मॅलॉकमध्ये, म्हणजे मेमरीत जागा मागणाऱ्या फंक्शनमध्ये. नोडचा आकार मागायचा तिथे साइझऑफला (आकार बाइटमध्ये सांगणारा) नोडऐवजी पॉइंटर, म्हणजे नुसता पत्ता ठेवणारा कप्पा, दिलेला असतो. ६४ बिटांच्या लिनक्सवर पॉइंटर ८ बाइटचा. एक पूर्णांक आणि एक पॉइंटर असलेला नोड १६ बाइटचा: ४, मधे ४ रिकामे, मग ८. म्हणजे जागा निम्मीच मागितली, तरी प्रोग्राम बिनबोभाट चालतो, कारण तिथली मॅलॉक कमीत कमी २४ बाइट वापरायला देतेच. मुलांना वाटतं, बरोबर आहे. पुढच्या आठवड्यात त्याच नोडमध्ये २० अक्षरांचं नाव घातलं की आकार ३२ होतो, नेक्स्ट नेमका २४ बाइटांच्या पलीकडे लिहिला जातो आणि मॅलॉकची स्वतःची नोंद बिघडते. प्रोग्राम पडतो तो बहुधा पुढच्या मॅलॉकपाशी, जिथे चूकच नाही. ‘सर, काहून पडला?’ या प्रश्नाला त्या ओळीकडे बघून उत्तर मिळत नाही.

म्हणून साइझऑफमध्ये ‘पी’ (पॉइंटर) ऐवजी ‘स्टार पी’ (त्या पत्त्यावरचा नोड) लिहायची सवय पहिल्याच दिवशी लावावी. शिवाय जीसीसी या कंपायलरला सगळ्या सूचना (वॉर्निंग) दाखवायला सांगावं आणि मेमरीच्या चुका पकडणारा त्याचा ॲड्रेस सॅनिटायझर चालू ठेवावा. डीबग माहितीसह (-g) कंपाइल केलं की तो चुकीची ओळ तिच्या क्रमांकासकट दाखवतो, अगदी वर सांगितलेली १६ बाइटची लपलेली चूकसुद्धा. टर्बो सी या जुन्या कंपायलरवर ही सोय नाही, आणि तिथे पूर्णांक २ बाइटचा असल्याने वहीतली गणितंही आजच्या यंत्राशी जुळत नाहीत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी एरर वाचायची धास्ती असते. फक्त फाइलचं नाव आणि ओळीचा आकडा शोधा म्हटलं की ती धास्ती बरीच उतरते.

यादी मोकळी करताना फ्रीच्या (जागा परत करणारं फंक्शन) आधी नेक्स्ट बाजूला काढून ठेवणं, हे पुन्हा कागदावर. एकदा पुरतं.

उरलेल्या पाच मिनिटांत फळ्यावर सीताबर्डीला ॲक्वा लाइन जोडायची: एकीकडे कॉटन मार्केट, दुसरीकडे झाशी राणी चौक. नेक्स्ट एकच, आणि शेजारी चार. चौकोनात किती कप्पे काढायचे, ते मुलांना घरून काढून आणायला सांगायचं. ग्राफ, म्हणजे एकाला अनेक शेजारी असलेलं जाळं, तिथून सुरू करता येईल.