तळं म्हणजे अर्धी वाट

रात्री, निघण्याआधी

डोंगरातल्या तळ्यापर्यंत सायकलने जायचं ठरलं की सगळी काळजी चढाची. दम पुरेल का, पाय साथ देतील का. चढाचं एवढं काही नसतं. दमलं की उतरायचं आणि ढकलायचं. हातपाय मोडतात ते उतारावर, तेही दुपारनंतर, अंगातलं त्राण गेल्यावर. म्हणून बॅग भरावी ती परतीची वाट डोळ्यांसमोर ठेवून.

आधी हवा. टायर दगडासारखे टणक करून निघणं ही हमखास होणारी चूक. असा टायर मुळांवरून उड्या मारतो, पकड घेत नाही. ७० किलोच्या माणसाला २.३ इंची ट्यूबलेस टायरमध्ये पुढे २१-२२ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) आणि मागे २४-२५ पुरते. आत ट्यूब असेल तर चार-पाच पीएसआय जास्त, नाहीतर दगडावर आपटताना ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. अशी जोडी दिसली की काटा शोधत बसू नये. हवा कमी पडलेली असते. ट्यूबलेसमधलं सीलंट, म्हणजे बारीक भोकं आतून बुजवणारा द्रव, काही महिन्यांत वाळतं. चाक काढून कानाशी हलवावं. खळखळ आली नाही तर भरून घ्यावं. तरीही एक ट्यूब, पंप आणि तुटलेली चेन जोडायची जोडकडी सोबत हवीच.

ब्रेक पॅडवरचा घासणारा थर मिलिमीटरभर उरला असेल तर आजच बदलावेत. उद्याच्या उतारावर त्यांची परीक्षा घेऊ नये.

वेळेसाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथने १८९२ साली मांडलेला चालण्याचा हिशेब अजून उपयोगी पडतो: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. ८ किलोमीटर वाट आणि ६०० मीटर चढ म्हणजे विश्रांती न धरता अडीच तासांहून थोडं जास्त. सायकल आहे म्हणून यात सूट घेऊ नये. मुळादगडांच्या चढावर ती बऱ्याचदा आपल्यालाच ओढावी लागते. मागे फिरायची वेळ घरीच ठरवावी. तळं समोर दिसत असताना ती ठरवता येत नाही, हा मनुष्यस्वभाव.

संध्याकाळी, उतरून आल्यावर

दर हजार मीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. घामाने भिजलेल्या बनियनवर तळ्यावरचा वारा लागला की दहा मिनिटांत बोटं आखडतात, आणि नेमकी तीच बोटं पुढे ब्रेक धरणार असतात. तळ्यावर पोहोचल्याबरोबर आधी कोरडा कपडा, मग खाणं, फोटो शेवटी. पाणी कितीही नितळ दिसलं तरी उकळूनच प्यावं: खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं, कारण उंचीवर पाणी कमी तापमानालाच उकळतं. घाम आलेल्या अंगाने थेट उडी तर नकोच. गार पाण्यात पहिल्या मिनिटात धाप आपोआप लागते, आणि तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर संपलंच.

उताराआधी सीट चार-पाच सेंटिमीटर खाली घ्यावी आणि दोन्ही ब्रेक दाबून बघावेत. ब्रेक सतत अर्धवट धरून उतरलं की डिस्क, म्हणजे पॅड जिला घासतात ती चाकावरची चकती, तापते, पॅडवर चकाकी चढते, जळका वास येतो आणि पकड जाते. सरळ, कोरड्या पट्ट्यावर नीट दाबावं आणि मग पूर्ण सोडावं.

मुळांचं मात्र वेगळं आहे. वर्दळीने साल गेलेलं ओलं मूळ साबणाच्या वडीसारखं असतं. त्यावर चाक तिरकं गेलं की ते मुळाच्या लांबीने घसरतं, आणि आपण आडवे झाल्यावरच कळतं. त्यामुळे मूळ यायच्या आधीच वेग कमी करायचा, चाक मुळाला काटकोनात आणायचं, त्यावरून जाताना ब्रेकला हातही लावायचा नाही. मुळांचं जाळंच पसरलं असेल तर उतरून चालावं. यात कसली आलीय लाज?

घरी आल्यावर चिखल धुऊन, चेन पुसून तेल द्यावं. त्याआधी मागच्या डिस्कवर चिंधी टाकावी. तिथे तेलाचा एक थेंब उडाला तरी पॅड वाया जातात.