तुम्ही विचारलंत म्हणून: सिझरमध्ये बीपी पडलं, म्हणजे इंजेक्शन चुकलं का?

यवतमाळच्या या भागात भूल द्यायला लागले तेव्हापासून पंगतीत, बसस्टँडवर हेच विचारतात. "सुनेचं बीपी एकदम पडलं होतं म्हणे. पाठीतलं इंजेक्शन चुकलं होतं का?"

नाही. इंजेक्शन नीट लागलं म्हणूनच बीपी पडतं. दुखणं नेणाऱ्या नसांबरोबर रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसाही बधिर होतात. रक्त पायांत साचतं, त्यात बाई उताणी, म्हणजे गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर. हे मी शंभरदा सांगितलंय, आणि खरंच आहे.

पण पडलेलं उशिरा दिसणं, ही चूक असू शकते. माझी झाली आहे.

तालुक्याचं रुग्णालय, पावसाळ्यातली रात्र, बाळाचे ठोके मंदावलेले. आधी लिटरभर सलाइन चढवलं होतं, त्यावर मी निर्धास्त. बीपीचा पट्टा दर पाच मिनिटांनी मोजेल असा लावलेला. पाठीत औषध दिलं, तिला उताणं केलं. गर्भाशयाचा भार त्या शिरेवरून डावीकडे सरकावा म्हणून उजव्या कमरेखाली चादरीची घडी सरकवायची असते, ती राहिली; सर्जन हात धुऊन उभे होते.

"मॅडम, जीव घाबरा होऊन रायला."

"होतं थोडं, बाई," मी म्हटलं. मॉनिटरवर ११८ होतं, पण ते औषधाआधीचं. मग तिला कोरडी उलटी आली, ओठ पांढरे पडले. मी बटण दाबलं. पट्टा फुगला, सुटला, पुन्हा फुगला. ६२.

चादर कोंबली, बीपी वाढवणारं मेफेंटरमिन ६ मिलिग्रॅम दिलं, थोड्या वेळानं परत दिलं. बाळ निघालं ते लुळं. मास्कनं श्वास दिल्यावर रडलं. बाहेर नवऱ्यानं विचारलं, "सारं बराबर हाय ना?" मी हो म्हटलं. बरोबर होतंही. मधलं काही सांगितलं नाही.

आता बाळ निघेपर्यंत दर मिनिटाला बीपी बघते. फिनाईलएफ्रिन, म्हणजे रक्तवाहिन्या आवळून बीपी धरून ठेवणारं औषध, त्याची १० मिलिग्रॅमची अँप्यूल १०० मिलि सलाइनमध्ये मिसळून ठेवते आणि भुलेबरोबरच सुरू करते, पडायची वाट बघत नाही. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीही तेच सांगतात: वरचं बीपी मूळच्या ९० टक्क्यांखाली जाऊ देऊ नका. पण पंप नाही, थेंब हातानं मोजायचे; त्या औषधानं नाडी मंदावते, तिच्यावरही डोळा हवा. आणि मी एकटी.

सोबतचे म्हणतात, दोघंही सुखरूप गेले, आता काय उगाळतेस? काही दिवस पटतं. फिनाईलएफ्रिन तेव्हा आमच्याकडे मिळतच नव्हतं, असंही मी स्वतःला सांगते. चादर मात्र होती, टेबलाच्या पायथ्याशीच.