जाहिरात आहे, पण जागा आहे का?

महामारीत नोकरी शोधणाऱ्याचा सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो नसलेल्या जागांसाठी अर्ज करण्यात. पोर्टलवर जाहिरात दिसते, 'अप्लाय'चं बटण चालतं, अर्ज पोचल्याचा मेलही येतो. पुढे काहीच नाही. कंपनीने भरती कधीच थांबवलेली असते, जाहिरात काढायचं मात्र राहून गेलेलं असतं. कधी ती मुद्दामही ठेवतात. पुढेमागे माणसं लागली तर बायोडेटा हाताशी असावेत म्हणून.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२० मध्ये जगभरात कामाचे ८.८ टक्के तास बुडाले, म्हणजे पूर्णवेळच्या साधारण २५.५ कोटी नोकऱ्यांएवढे. पण यातले जवळपास निम्मे तास नोकरी टिकलेल्या लोकांचे होते, त्यांचं काम कमी झालं होतं. नोकरी शोधणाऱ्याने हा तपशील नीट लक्षात घ्यावा. धंदा सावरायला लागला की कंपनी आधी असलेल्या लोकांचे तास पूर्ववत करते, मग घरी बसवलेल्यांना बोलावते आणि सगळ्यात शेवटी नवीन माणूस घेते. त्यामुळे बाजार उघडल्याच्या बातम्या येऊनही फोन वाजत नाही, तेव्हा दोष तुमच्या रेझ्युमेचाच असेल असं नाही.

म्हणून अर्ज करण्याआधी पाच मिनिटं जागा जिवंत आहे का हे बघण्यात घालवा. जाहिरात पोर्टलवर आहे, पण कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर, करिअरच्या पानावर नाही? मग ती मेलेली धरा. पोर्टलवरच्या तारखेवर फार विसंबू नका, कारण जुनीच जाहिरात पुन्हा टाकली की तारीख नवी दिसते. रिक्रूटरशी बोलणं झालं तर एवढं सरळ विचारा: "ही जागा नवीन आहे की कोणाच्या बदली? मंजुरी झाली आहे का? जॉइनिंग साधारण कोणत्या महिन्यात धरलंय?" उत्तरात महिना आला तर जागा खरी. "प्रोसेस चालू आहे, कळवतो" असं आलं तर नाव वहीत ठेवा आणि पुढच्या अर्जाला लागा. असं विचारणं उद्धटपणाचं वाटेल अशी भीती बऱ्याच जणांना असते. वाटत नाही. रिक्रूटरलाही अडकलेल्या जागांचा वैताग असतोच.

दुसरा प्रश्न क्षेत्राचा. प्रवास, हॉटेल, विमान, समारंभ ही क्षेत्रं महामारीत एकदम बसतात; घरपोच माल, गोदामं, आरोग्यसेवा, ऑनलाइन शिक्षण, कस्टमर सपोर्ट, आयटीची देखभाल इथे माणसं लागतच राहतात. क्षेत्र बदलायचं म्हणजे सगळं नव्याने शिकायचं असं नसतं. तेच काम दुसऱ्या धंद्याच्या भाषेत मांडावं लागतं. हॉटेलातल्या माणसाच्या रेझ्युमेत "फ्रंट डेस्क सांभाळला" एवढंच असेल तर कस्टमर सपोर्टची भरती करणारा तो न वाचताच पुढे जातो. त्याच जागी "रोज ६०-७० पाहुण्यांचं चेक-इन, बिलाच्या तक्रारी आणि परतावा स्वतः निकाली, बुकिंग सॉफ्टवेअरवर तीन वर्षं काम" असं आलं तर तो थांबून वाचतो. काम तेच असतं, दुसऱ्या ओळीत मोजता येतं. अर्थात आकडे खरेच हवेत. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

आता फाइल. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि नाव, अनुभव, कौशल्य वेगवेगळ्या रकान्यांत भरतं. दोन कॉलमचा छानदार साचा इथे घात करतो, कारण काही सॉफ्टवेअर ओळ सरळ आडवी वाचतात आणि डावीकडचं उजवीकडच्यात मिसळतं. टेबल आणि टेक्स्ट बॉक्समधला मजकूर गळतो. हेडरमध्ये टाकलेला फोन नंबर कधीकधी वाचलाच जात नाही. म्हणजे निवड झाली तरी फोन कुठे करायचा? तपासायला काही विकत घ्यावं लागत नाही. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे जो क्रम दिसेल, साधारण तोच सॉफ्टवेअरला दिसतो. काहीच पेस्ट झालं नाही तर तुमची पीडीएफ हे नुसतं चित्र आहे, स्कॅन केलेल्या कागदासारखं. ती वर्डमधून पुन्हा बनवा. फाइलचं नाव स्वतःचं नाव आणि पद असं ठेवा. 'फायनल-नवीन-२' नावाच्या ढीगभर फाइली रिक्रूटरकडे आधीच पडलेल्या असतात.

मधला रिकामा काळ लपवू नका. वर्षं लिहून महिने गाळण्याची युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे. "महामारीतील कपातीत पद रद्द" एवढी एक ओळ पुरते. त्या काळात काही शिकला असाल, सुटी कामं केली असतील, घरातल्या आजारी माणसाचं बघितलं असेल, तर तीही एका ओळीत.

ओळखीतून जाणं हा महामारीतला सगळ्यात चालणारा रस्ता आहे, आणि तोच सगळ्यात वाईट रीतीने वापरला जातो. "काही असेल तर बघ ना" या मेसेजवर समोरच्याने करायचं काय? त्याला उचलून पुढे पाठवता येईल असं लिहा: "तुमच्या कंपनीत अकाउंट्सची जागा निघाली आहे, लिंक सोबत आहे. माझा पाच वर्षांचा अनुभव आहे, त्यातली दोन वर्षं जीएसटीची. रेझ्युमे जोडला आहे. योग्य वाटलं तर एचआरकडे द्याल का? नाही जमलं तरी हरकत नाही." शेवटचं वाक्य काढू नका. त्यामुळे नाही म्हणणं सोपं जातं आणि माणूस उत्तर तरी देतो. आठवड्याने एकदा आठवण करा, नंतर सोडून द्या.

हे सगळं डोक्यात राहत नाही. एक साधी शीट करा: तारीख, कंपनी, पद, कोणाशी बोललो, रेझ्युमेची कोणती प्रत दिली, पुढचा फॉलोअप कधी. प्रतीचा रकाना लोक हमखास विसरतात. मग मुलाखतीत समोर एक कागद असतो आणि आपण बोलतो दुसऱ्यावरून.

व्हिडिओ मुलाखतीत बोलण्यापेक्षा जोडणीच जास्त वेळा दगा देते. खिडकी पाठीमागे असेल तर कॅमेरा तिच्या उजेडाला जुळवून घेतो आणि चेहरा काळा पडतो. खिडकी किंवा दिवा समोर घ्या. लॅपटॉपखाली पुस्तकं रचून कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर आणा. इअरफोन वायरचे असतील तर उत्तम. बहुतेक ब्लूटूथ इअरफोनमध्ये माईक चालू झाला की आवाजाचा दर्जा घसरतो, कारण ऐकणं आणि बोलणं दोन्ही त्याच अरुंद जोडणीतून न्यावं लागतं. नेट तपासताना लोक डाउनलोडचा वेग बघून खूश होतात. समोरच्याला तुम्ही दिसता ते अपलोडवर. दोघांच्या एचडी कॉलला झूम दोन्ही बाजूंनी १.२ एमबीपीएस मागतं, म्हणजे तासाला साधारण १ जीबी. मोबाइलचा हॉटस्पॉट पर्याय म्हणून ठेवणार असाल तर तेवढा डेटा आदल्या दिवशीच शिल्लक आहे का बघा. मुलाखतच मोबाइलवरून द्यायची असेल तर येणारे कॉल अडवून ठेवा. मध्ये फोन आला की माईक तिकडे जातो आणि तुम्ही हवेत बोलत राहता.

काही कंपन्या समोर माणूस न बसवता उत्तरं रेकॉर्ड करून घेतात. प्रश्न पडद्यावर येतो, विचाराला थोडे सेकंद मिळतात आणि उत्तराला एक-दोन मिनिटं. तिथे प्रस्तावना परवडत नाही. उत्तराचा गाभा पहिल्याच वाक्यात सांगा, कारण वेळ संपली की रेकॉर्डिंग वाक्याच्या मध्येही तुटतं.

फसवणुकीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण सगळं घरबसल्या चालतं तेव्हा खोटी कंपनी उभी करायला फक्त एक लोगो लागतो. नोंदणी, प्रशिक्षण, लॅपटॉपचं डिपॉझिट, कोणत्याही नावाने पैसे मागितले की विषय संपला. मेलमध्ये ॲट चिन्हाच्या पुढचं अक्षरनअक्षर वाचा. खऱ्या नावात एखादं अक्षर वाढवलेलं किंवा मागे 'करिअर्स' जोडलेलं डोळ्याला चटकन दिसत नाही. सगळी मुलाखत चॅटवरच आणि तासाभरात ऑफर, हेही तसंच. सगळ्यात धोकादायक 'नोकरी' म्हणजे तुमच्या खात्यात पैसे येणार आणि कमिशन ठेवून तुम्ही ते पुढे पाठवायचे. ते पैसे चोरीचे असतात आणि तपासात नाव निघतं खातेदाराचं. रेझ्युमेत जन्मतारीख, ओळखपत्राचे क्रमांक, घराचा पूर्ण पत्ता देऊ नका. ते जॉइनिंगच्या वेळी, खात्री झाल्यावर.

ऑफर आली तरी तोंडी शब्दावर आहे ती नोकरी सोडू नका. पत्रात जॉइनिंगची तारीख लेखी हवी. काही गोष्टी विचारून घ्या: घरून काम कायमचं आहे की महामारीपुरतं? लॅपटॉप आणि नेटचा खर्च कोणाचा? कंपनीत पगारकपात चालू असेल तर ती नवीन माणसाला लागू आहे का, आणि पत्रातला आकडा कपातीआधीचा की नंतरचा? आरोग्य विमा पहिल्या दिवसापासून की प्रोबेशननंतर? तारीख पुढे ढकलली तर नवी तारीख मेलवर मागा. ती पुन्हा ढकलली तर शीटमध्ये त्या कंपनीपुढे परत 'चौकशी चालू' असं लिहा आणि बाकीचे फॉलोअप होते तिथून पुढे सुरू करा.