गांधी हॉलची पक्की डागडुजी

इंदूरच्या गांधी हॉलच्या दुरुस्तीत दगडी भिंतींच्या दरजा, म्हणजे दगडांमधले भरलेले सांधे, तपासायचं काम माझ्याकडे होतं. त्या सकाळी परांचीवर चढले तर मिस्त्रीकाका आधीच हातोडीने दगड वाजवत बसलेले. एक दगड खणखणीत, शेजारचा बद्द. "ताई, हा आतून सुटलाय."

बद्द दगडाभोवतीची दरज करडी आणि टणक होती. सिमेंट! पूर्वी कुणीतरी 'पक्की' डागडुजी करून गेलं होतं. छिन्नीने ती फोडता फोडता दुपार झाली. सिमेंट जागचं हलेना, दगडाच्या कडा मात्र खपल्यांनी सुटून हातात येत होत्या. मागे बोटभर पांढरा लोणा, म्हणजे साठलेले क्षार.

चुन्याची दरज दगडापेक्षा कच्ची असते आणि तेच बरं. भिंतीत मुरलेलं पाणी तिच्यातून बाहेर पडतं, झिजायचं तेही तीच झिजते. सिमेंटने ती वाट बुजवली की पाणी दगडातून बाहेर पडू लागतं आणि त्यातले क्षार दगडातच फुगून त्याला फोडतात.

ही इमारत १९०४ची. नाव तेव्हा किंग एडवर्ड हॉल. १९०५च्या नोव्हेंबरात प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे पंचम जॉर्ज, यांच्या हस्ते उद्घाटन झालं. १९४८ साली ती महात्मा गांधी हॉल झाली, तरी मनोऱ्याच्या चारी बाजूंच्या घड्याळांमुळे लोकांच्या तोंडी घंटाघरच. आराखडा चार्ल्स फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचा. मुंबईचं व्हिक्टोरिया टर्मिनस त्यांच्या वडिलांचं, तेव्हा टोकदार कमानींच्या डोक्यावर घुमट बसवणं मुलाला घरातच शिकायला मिळालं असणार, असं आपलं मला वाटतं.

संध्याकाळी ठेकेदार आला. "मॅडम, वरून सिमेंटच मारून टाकू. महिन्याचं काम आठवड्यात." चुन्याला घाई चालत नाही: थर पातळ, वर ओलं गोणपाट आणि रोज पाणी. मी काही बोलायच्या आत काकांनी सुटलेली खपली त्याच्या हातात ठेवली. "हा दगड परत कुठून आणणार, तेवढं सांगा."

तो खपली उलटसुलट करत राहिला. शेवटी चुन्याला 'हो' म्हणाला. वाढीव मजुरी कोण देणार यावरून मात्र अंधार पडेपर्यंत वाद चालला.